ब्लड कल्चर पॉझिटिव्ह आलंय, तासाभरात रिपोर्ट देणारी जीनची टेस्ट करायची का? (ठाणे, सासरे आयसीयूत)

माजिवडा_वहिनी (दुपारी ४.२०)

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, काही मागेपुढे झालं तर समजून घ्या.

सासरे, वय ७१, डायबेटिस जुना. पित्तनलिकेत खडा अडकला म्हणून एका हॉस्पिटलात दुर्बिणीतून स्टेंट टाकला, घरी आले, आठवडाभरही धड गेला नाही, हुडहुडी भरून ताप, डोळे पिवळे, बीपी एकदम खाली, आता ठाण्यातच दुसऱ्या एका हॉस्पिटलात आयसीयूत आहेत. काल संध्याकाळी रक्ताचं कल्चर पाठवलं आणि लगेच मेरोपेनेम नावाचं जड अँटिबायोटिक चालू केलं. आज दुपारी डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की कल्चरची बाटली पॉझिटिव्ह झालीय, ग्राम निगेटिव्ह जंतू दिसतायत, पण नक्की कोणता जंतू आणि त्याला कुठलं औषध लागू पडेल हे कळायला अजून दोन दिवस तरी जातील. तुमची तयारी असेल तर एक जीनची टेस्ट आहे, पीसीआर पॅनल, त्यात तासा-दीड तासात जंतूचं नाव कळतं आणि औषधाला दाद न देणारे जीन त्याच्याकडे आहेत का तेही कळतं. पैसे वेगळे, पाच आकडी, आणि इन्शुरन्सवाले देतील का नाही हे कोणीच खात्रीने सांगत नाहीये.

घरात दोन तट पडलेत. दीर म्हणतात कल्चर येणारच आहे ना, मग तेच दोन दिवस आधी कळायला एवढे पैसे कशाला, बिल फुगवायचे धंदे आहेत. मिस्टर म्हणतात करून टाकू. सासूबाई माझ्याकडे बघतायत कारण घरात सायन्स शिकलेली मीच, पण माझं बीएस्सी केमिस्ट्रीचं, हा विषय माझा नाही.

तर दोन दिवस आधी कळून खरंच काही फरक पडतो का? ही टेस्ट केली की कल्चरची गरज संपते का? आणि अजून एक, ऍडमिट करताना बाबांच्या गुदद्वारातून स्वॅब घेतला, त्याची कार्बा-आर नावाची टेस्ट केली म्हणे, ते पॉझिटिव्ह आलं आणि तेव्हापासून त्यांना कोपऱ्यातल्या खोलीत हलवलंय, दारावर पिवळा कागद, आत जाताना गाऊन घालायचा. बाबा फार संकोचलेत. आम्हाला कोणी नीट बसून समजावलं नाही. कुणाला माहिती असेल तर प्लीज आजच सांगा, डॉक्टर सातपर्यंत आहेत.

पेट्रीडिश_नेरुळ (४.४५)

ताई, मी नेरुळला एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीत आहे, हे माझं रोजचं काम आहे म्हणून सविस्तर लिहितो.

कल्चरची बाटली म्हणजे आत जंतूंचं पातळ खाद्य असतं, मोठ्या माणसाचं एकेका बाटलीत ८ ते १० मिली रक्त घालतात, बाटली मशीनमध्ये अंगाच्या तापमानाला ठेवतात आणि मशीन दर दहा मिनिटांनी तिच्याकडे बघत राहतं. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, बुडाच्या सेन्सरमध्ये बदल होतो आणि मशीन वाजतं. निगेटिव्ह म्हणून सही करायला आम्ही ५ दिवस थांबतो, पण तुमच्या सासऱ्यांची बाटली एका दिवसाच्या आत वाजलीय, म्हणजे सहसा रक्तात जंतू बऱ्यापैकी असतात, कुठून चुकून आलेला कचरा नसतो.

बाटली वाजल्यावर आम्ही एक थेंब काचेवर घेऊन ग्राम स्टेन करतो, गुलाबी काड्या दिसल्या की ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय. डॉक्टरांना फोनवर जातं ते एवढंच. आता ई. कोलाय, क्लेबसिएला, स्यूडोमोनास, असिनेटोबॅक्टर हे सगळेच गुलाबी काड्यांसारखे दिसतात (असिनेटोबॅक्टर जरा आखूड, गुबगुबीत), म्हणजे नाव कळलेलं नाही. मग प्लेटवर पसरवायचं, रात्रभर वाढू द्यायचं, दुसऱ्या दिवशी कॉलनी उचलून ओळख करायची, माल्डी-टॉफ नावाचं ओळख पटवणारं मशीन असेल तर नाव काही मिनिटांत मिळतं, पण कुठलं औषध चालेल ते नाही, त्यासाठी व्हायटेकसारख्या मशीनमध्ये औषधांच्या वेगवेगळ्या मात्रांसमोर जंतूला परत वाढवावं लागतं आणि त्यात पुन्हा अर्धा-एक दिवस. डॉक्टर दोन दिवस म्हणतायत ते ह्यामुळे. मुद्दाम कोणी लांबवत नाहीये, जंतू वाढायला लागतो तेवढा वेळ लागतोच.

पीसीआर पॅनलला वाढीची वाट बघावी लागत नाही. वाजलेल्या बाटलीतून ०.२ मिली, म्हणजे तीन-चार थेंब घेतात. एक चपटा पाऊच असतो, त्यात सगळी रसायनं कोरडी करून ठेवलेली असतात, एका बाजूने पाणी आणि दुसऱ्या बाजूने नमुना आत ओढला जातो, पाऊच मशीनमध्ये ढकलला की साधारण तासाभरात रिपोर्ट. बायोफायर कंपनीचं दुसऱ्या पिढीचं ब्लड कल्चर पॅनल ३३ जंतू आणि १० रेझिस्टन्स जीन एकदम बघतं. माणसाचा हात लागतो तो फक्त सुरुवातीची दोन-चार मिनिटं.

पण कल्चर थांबवायचं नाही. पॅनल म्हणजे यादी घेऊन गेटवर बसलेला सोसायटीचा वॉचमन, यादीत नाव असेल तरच तो ओळखणार. आपल्याकडच्या असिनेटोबॅक्टरमध्ये मेरोपेनेम निकामी करणारा जीन बहुतेक वेळा ऑक्सा-२३ असतो आणि तो ह्या पॅनलमध्ये नाही. स्यूडोमोनास तर कित्येकदा जीन मिळवतच नाही, औषध आत शिरायची भोकं बंद करतो नाहीतर आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकतो. म्हणून रिपोर्टवर जीन ‘नॉट डिटेक्टेड’ आला म्हणजे औषध चालणारच असं नाही. उलट एनडीएम किंवा ऑक्सा-४८ हे मेरोपेनेम निकामी करणारे जीन सापडले तर मात्र तो रिपोर्ट गंभीरपणे घ्यायचा, आणि तोही आत्ता.

आणि करायचं असेल तर आजच करा. उद्या सकाळपर्यंत प्लेटवर कॉलनी येतील, परवा सेन्सिटिव्हिटी (कुठलं औषध चालेल तो रिपोर्ट), म्हणजे जसजसे तास जातील तसतसा ह्या टेस्टचा उपयोग कमी होत जाणार आणि पैसे मात्र तेवढेच जाणार.

घोडबंदर_रोज (५.०५)

तुमच्या दिरांचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका एवढं सांगायला लिहितोय. आमच्या आईच्या वेळी (हॉस्पिटलचं नाव घेत नाही) हीच टेस्ट केली, तेव्हाही घाई घाई करून आमच्याकडून सही घेतली. शुक्रवारी रात्री रिपोर्ट कॉम्प्युटरवर येऊन पडला. रात्रीच्या ज्युनिअर डॉक्टरने बघितला पण मोठ्यांना विचारल्याशिवाय औषध बदलायचा त्याला अधिकार नाही, मोठे डॉक्टर बाहेरगावी, आणि औषध बदललं थेट सोमवारी सकाळच्या राउंडला, तोपर्यंत साधं कल्चरही आलं होतं. म्हणजे तासाभराच्या टेस्टचे पैसे भरले आणि अडीच दिवस तो कागद नुसता पडून. आई वाचली, पण तेव्हाचा संताप अजून गेलेला नाही.

म्हणून सही करायच्या आधी तोंडावर विचारा: रिपोर्ट रात्री नऊला आला तर फोन कोणाला जाणार? आणि तो माणूस लगेच औषध बदलणार का? ह्याला सरळ उत्तर नसेल तर पैसे वाचवा.

डॉ_रात्रपाळी (६.००)

मी नवी मुंबईत आयसीयूत काम करतो. पेशंट न बघता औषध सांगणं बरोबर नाही, ते सांगणारही नाही, पण ही टेस्ट आम्ही का मागतो ते सांगू शकतो. वरचा घोडबंदरवाल्यांचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये ह्यावर नीट चाचणी झाली होती, २०१५ ला छापून आली, काही पेशंटना नेहमीची पद्धत, काहींना पॅनल, काहींना पॅनल अधिक अँटिबायोटिकवर लक्ष ठेवणारी टीम. पॅनलवाल्यांची जड औषधं कमी झाली, टीम सोबत होती तिथे बदल सगळ्यात लवकर झाले, पण मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. टेस्टच्या बाजूने बोलणाऱ्याने हे लपवू नये. फक्त तिथे बहुतेक पेशंटचा जंतू नेहमीच्या औषधाला मरणारा असतो, मग तासाभरात कळलं काय आणि दोन दिवसांनी कळलं काय, चालू असलेलं औषध सहसा बरोबरच असतं. आपल्याकडे तसं नाही. आयसीएमआरचं (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर नजर ठेवणारं २०१३ पासून देशभर नेटवर्क आहे, त्यांचे रिपोर्ट दरवर्षी येतात, आयसीयूतल्या क्लेबसिएलाला मेरोपेनेम चालेल हे आता गृहीत धरता येत नाही, आणि असिनेटोबॅक्टरमध्ये तर ८० टक्क्यांच्या वर रेझिस्टन्स आहे. म्हणजे आज जे औषध चालू आहे ते कदाचित सलाइनइतकंच काम करत असेल, आणि आम्हाला ते दोन दिवस कळणार नाही. बीपी पडलेल्या पेशंटला योग्य अँटिबायोटिक पहिल्या तासात जावं असं सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागणं) गाइडलाइन म्हणतात, तिथे दोन दिवस म्हणजे फार झाले.

आता जीनचं नाव कळून नक्की काय बदलतं. मेरोपेनेम तोडणारी एन्झाइम्स बनवणारे जीन वेगवेगळे आहेत. अमेरिकेत केपीसी जास्त, आपल्याकडे एनडीएम आणि ऑक्सा-४८ च्या जातीचे. एनडीएम पहिल्यांदा २००९ मध्ये नोंदला गेला, स्वीडनमधल्या एका पेशंटच्या क्लेबसिएलात, त्याच्यावर आधी दिल्लीत उपचार झाले होते. सेफ्टाझिडिम-एव्हिबॅक्टम नावाचं महाग औषध आहे, ते केपीसी आणि ऑक्सा-४८ वर चालतं, पण एनडीएमवर एकट्याने चालत नाही, कारण एनडीएम जस्ताच्या जोरावर काम करणारं एन्झाइम आहे आणि एव्हिबॅक्टम त्याला अडवूच शकत नाही. अझ्ट्रिओनम नावाचं जुनं औषध मात्र एनडीएमला तोडता येत नाही. अडचण अशी की ज्या जंतूकडे एनडीएम असतो त्याच्याकडे सीटीएक्स-एमसारखी दुसरी एन्झाइम्सही असतात आणि ती अझ्ट्रिओनम तोडतात. म्हणून दोन्ही औषधं एकत्र द्यायची, एव्हिबॅक्टमने त्या दुसऱ्या एन्झाइम्सना धरून ठेवायचं आणि अझ्ट्रिओनमने जंतू मारायचा. हे जमलं तर कोलिस्टिन, पॉलिमिक्सिन ही किडनीला जड जाणारी औषधं टाळता येतात, आणि ७१ वर्षांच्या डायबेटिसवाल्या माणसाच्या किडनीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

समजा एनडीएम, ऑक्सा काहीच नाही, फक्त सीटीएक्स-एम आला, तरी उपयोग आहे. मेरोपेनेमच बरं, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमवर उतरू नये हे कळतं. २०१८ च्या मेरिनो ट्रायलमध्ये अशा जंतूंसाठी पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम दिलेल्यांपैकी ३० दिवसांत १२.३ टक्के गेले, मेरोपेनेमवाले ३.७ टक्के.

एक गोष्ट टेस्टच्या गडबडीत राहून जाते. स्टेंट तुंबला असेल तर तो बदलल्याशिवाय कुठलंही औषध पुरं पडणार नाही. तुंबलेल्या नळीत पू साठलाय आणि वरून अँटिबायोटिक ओततोय असं होतं. गॅस्ट्रोवाल्यांना आजच विचारा की स्टेंट कधी बदलणार.

इन्शुरन्ससाठी डॉक्टरांकडून एका ओळीचं पत्र घ्या: सेप्टिक शॉक, ग्राम निगेटिव्ह, आधी हॉस्पिटलमध्ये राहिल्याचा इतिहास, स्वॅब पॉझिटिव्ह, म्हणून ही टेस्ट उपचारासाठी गरजेची. रिपोर्टसोबत जोडा. मिळतीलच असं नाही, पण पत्र नसेल तर नक्की अडवतात.

तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत मला विचाराल तर स्वॅब आधीच पॉझिटिव्ह आहे, बीपी पडलंय आणि हॉस्पिटलमधून नुकतेच आलेत, ह्या तीन गोष्टी एकत्र असताना मी माझ्या पेशंटला टेस्ट सुचवली असती. नुसता साधा युरीन इन्फेक्शनचा ताप असता आणि माणूस बसून चहा पीत असता तर नसती सुचवली.

कोपरखैरणे_डॉट्स (६.२०)

डॉक्टरसाहेबांनी सगळं सांगितलंच आहे, दिरांना पटवायला माझी दोन वाक्यं. मी टीबीच्या कामात आहे. आमच्याकडे सीबीनॅट मशीनवर हेच तत्त्व गेली कित्येक वर्षं चालू आहे, थुंकीतून टीबीचा जंतू आणि रिफाम्पिसिनला दाद न देणारा जीनमधला बदल दोन तासांत कळतो, डब्ल्यूएचओने २०१० मध्येच त्याला मान्यता दिली. त्याआधी कल्चरवर औषध तपासायला महिने जायचे, आणि तोपर्यंत माणूस चुकीच्या गोळ्या खात घरात खोकत बसायचा, घरातल्या पोरांना लागण व्हायची. गोव्याच्या कंपनीचं ट्रुनॅट आल्यावर तर छोट्या केंद्रांतही होतं. सरकारी केंद्रात हे फुकट आहे. तेव्हा जीनची टेस्ट म्हणजे बड्या हॉस्पिटलांनी काढलेलं नवीन फॅड आहे असं नाही, साध्या चाळीतल्या पेशंटची पण आम्ही रोज करतो. आयसीयूतल्या जंतूंसाठी पण ती अशीच सरकारी खर्चाने व्हायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, तिथेच गरिबाचा पेशंट अंदाजाच्या औषधावर राहतो.

माजिवडा_वहिनी (रात्री ११.३०)

सगळ्यांचे खूप आभार, खरंच. सातच्या आधी दिरांना हा धागा वाचायला दिला. त्यांनी स्वतःच डॉक्टरांना तो प्रश्न विचारला, रात्री फोन कोणाला जाणार. डॉक्टरांनी ड्युटीवरच्या आयसीयू डॉक्टरांना समोर बोलावलं आणि सांगितलं की लॅब ह्यांना फोन करेल आणि हे मला, मग मी कुठेही असलो तरी. मग सही केली.

साडेनऊला रिपोर्ट आला. क्लेबसिएला न्यूमोनिए, सीटीएक्स-एम डिटेक्टेड, एनडीएम डिटेक्टेड, ऑक्सा-४८ डिटेक्टेड. एमसीआर-१ (कोलिस्टिनला दाद न देणारा जीन) नॉट डिटेक्टेड. फोन गेला, दहाच्या सुमारास मिस्टरांना खालच्या मेडिकलमधून औषध आणायला पाठवलं, तुम्ही लिहिलेली तीच दोन औषधं एकत्र, आणि मेरोपेनेम बंद केलं. स्टेंट उद्या सकाळी बदलणार आहेत. भीती वाटतेय पण काय चाललंय ते निदान आता घरात सगळ्यांना कळतंय.

पेट्रीडिश_नेरुळ (११.५०)

एनडीएम आणि ऑक्सा-४८ दोन्ही असलेल्या क्लेबसिएलासाठी ती जोडी बहुतेक वेळा चालते, तरी लॅबला सांगून ठेवा की ह्या दोन औषधांची एकत्र तपासणी करा, नेहमीच्या रिपोर्टमध्ये दोन्ही वेगवेगळी छापून येतात आणि दोन्हीपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही) लिहिलेलं दिसतं, ते बघून घाबरू नका. एकत्र तपासायची पद्धत आहे, दोन्हीच्या डिस्क एकाच ट्यूबमध्ये टाकून बघतात. ई. कोलाय असता तर मी हे जास्त आग्रहाने सांगितलं असतं, कारण आपल्याकडच्या काही ई. कोलायमध्ये अझ्ट्रिओनम जिथे जाऊन चिकटतं ती जागाच बदललेली असते, मग जोडीही कमी पडते आणि हे कुठलंही पॅनल सांगत नाही.

सिस्टर_कोपरी (दुसऱ्या दिवशी सकाळी ७.१५)

बाळा, स्वॅबचं कोणी सांगितलं नाही म्हणून मी सांगते. मी सरकारी हॉस्पिटलात आयुष्यभर नर्सिंग केलं, आता रिटायर्ड आहे, कोपरीला राहते.

तो स्वॅब आतड्यात मेरोपेनेमसारख्या औषधांना दाद न देणारे जंतू राहायला आलेत का ते बघायला घेतात. आतड्यात असणं म्हणजे आजार नाही, त्याला औषधही देत नाहीत. आधीच्या हॉस्पिटलात राहिलेल्या, नळ्या टाकलेल्या, भरपूर अँटिबायोटिक झालेल्या पेशंटचा आल्या आल्या घेतात म्हणजे शेजारच्या बेडच्या माणसाला त्याची लागण होऊ नये. कार्बा-आर तासाभरात होतं म्हणून तर लगेच वेगळ्या खोलीत हलवता आलं, पूर्वी ह्यालाच दोन-तीन दिवस लागायचे आणि तोपर्यंत पेशंट सगळ्यांच्या मधेच. तुमच्या बाबांना सांगा की हा पिवळा कागद त्यांच्यावर ठपका नाही. तुमच्यापासून काही लपवलेलं पण नाही. त्यांना हळू आवाजात, पडदा ओढून सांगायला हवं होतं आधी, ते राहिलं, तो भाग मात्र चुकीचाच.

तुम्ही बघायचं काय, तर हात. आत जाताना, त्यांना हात लावायच्या आधी, लावल्यावर, त्यांच्या बेडची दांडी, लॉकर, सलाइनचा स्टँड ह्याला हात लागला तरी, आणि बाहेर येताना. बाटलीतलं हँडरब तळहातावर भरपूर घ्यायचं, बोटांच्या फटी, अंगठे, नखांची टोकं, वीस-तीस सेकंद, सुकेपर्यंत. ग्लोव्हज घातले म्हणून हात धुवायचे नाहीत असं नसतं, काढल्यावर धुवायचेच. मोबाइल आत नेऊ नका, तोच कानाला लागतो आणि तोच घरी येतो.

आणि एक बघा, लघवीची पिशवी रिकामी करायचा जो मोजायचा जग असतो तो ह्या पेशंटचा वेगळा पाहिजे. मी वॉर्डात असताना सगळ्यात जास्त भांडले असेन तर ह्या एका जगावरून. एकच जग घेऊन माणूस ओळीने आठ बेडच्या पिशव्या रिकाम्या करत जातो, ग्लोव्हज तेच, आणि मग आपण म्हणतो जंतू पसरला कसा. आणि ते पाणी हात धुवायच्या बेसिनमध्ये ओतायचं नाही, कधीच नाही. नम्रपणे विचारा, सिस्टर, जग ह्यांचाच आहे ना. रागावणार नाहीत. रागावल्या तर इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरना विचारा, बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलात अशी एक सिस्टर नेमलेली असते.

खारघरचा (सकाळी ९.४०)

सिस्टरनी बेसिनचं लिहिलंय ते किती खरं आहे ह्याचं उदाहरण देतो, मी जिनोमिक्समध्ये संशोधन करतो. अमेरिकेच्या एनआयएच ह्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या हॉस्पिटलात २०११ मध्ये केपीसीवाला क्लेबसिएला पसरला. पहिली पेशंट बरी होऊन घरी गेली, आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी दुसऱ्या पेशंटमध्ये तो सापडला, दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता म्हणून सगळे म्हणाले वेगळा जंतू असेल. मग प्रत्येक पेशंटच्या जंतूचा अख्खा जिनोम वाचून काढला आणि अक्षराअक्षराने ताडून बघितला तर सगळे त्या पहिल्या पेशंटपासूनच आलेले निघाले. एकूण १८ जणांना झाला, ११ दगावले, त्यातले ६ मृत्यू थेट ह्या जंतूमुळे. तो बेसिनच्या ड्रेनमध्ये सापडला, आणि साफ केलेल्या एका व्हेंटिलेटरवरही. ह्याला अर्थातच तासभर नाही, जास्त वेळ लागतो आणि एका पेशंटच्या औषधासाठी हे करत नाहीत, पण जंतू कुठून कुठे गेला हे दुसऱ्या कशानेही इतकं नेमकं कळत नाही. आपल्याकडच्या हॉस्पिटलांनी निदान स्वॅबमध्ये कोणत्या वॉर्डात कोणता जीन सापडला एवढी वही जरी ठेवली तरी खूप कळेल. तारीख, बेड नंबर, जीन, तीन रकाने.

नौपाडा_१९७८ (सकाळी १०.१०)

थोडं अवांतर. ताप आला की मेडिकलमध्ये जाऊन सेफिक्सिम ह्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या मागणारे लोक मी रोज बघतो आणि देणारेही बघतो. शेड्यूल एच-१ (चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांची सरकारी यादी) मार्च २०१४ पासून लागू आहे, त्यात हे औषध आहे, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं हे रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं ठेवायचं असतं. हा धागा वाचणाऱ्यांनी एवढं तरी करा, चिठ्ठीशिवाय मागू नका.

माजिवडा_वहिनी (काही दिवसांनी)

अपडेट देते. स्टेंट बदलला, आतून पू आला. कल्चरचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला, तोच क्लेबसिएला, मेरोपेनेमपुढे ‘आर’, आणि ते दोन्ही ‘आर’ खरंच छापून आले होते, पेट्रीडिश दादा, तुम्ही आधी सांगितलं नसतं तर घरात रडारड झाली असती. एकत्र तपासणी सेन्सिटिव्ह आली. बीपी वर ठेवायचं औषध हळूहळू बंद झालं, क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) वाढलं होतं ते खाली येतंय, परवा वॉर्डात हलवलं. लघवीच्या जगाचं विचारलं, सिस्टर म्हणाल्या ह्यांचाच आहे आणि जगावर बेड नंबर लिहिलेली पट्टी दाखवली. इन्शुरन्सचं अजून लटकलंय, पत्र जोडलंय.

आता घरी न्यायचं म्हणतायत. घरात माझा तीन वर्षांचा मुलगा आहे, तो आजोबांना सोडत नाही. त्याला लांब ठेवायचं का? भांडी वेगळी?

सिस्टर_कोपरी

अजिबात लांब ठेवू नको. मांडीवर बसू दे, त्यांनाही त्याचीच गरज आहे. भांडी वेगळी नकोत, नेहमीसारखी घासली की झालं. संडासला जाऊन आल्यावर बाबांनी आणि त्यांना मदत करणाऱ्याने साबणाने नीट हात धुवायचे, स्वयंपाकाला, जेवायला बसायच्या आधी धुवायचे, मुलाचेही. टॉवेल मात्र त्यांचा वेगळा ठेव. कमोड, नळाची तोटी रोजच्या फिनाइलने किंवा ब्लीचने पुसून घे. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कपाटात ठेवून परत कधी द्यायच्या नाहीत.

डॉ_रात्रपाळी

छान बातमी. हा जंतू आतड्यात काही महिने राहू शकतो, कधी जास्तही, त्यामुळे पुन्हा पुन्हा स्वॅब करून तो गेला का बघत बसू नका आणि घालवायला म्हणून औषध घेऊ नका. डिस्चार्ज घेताना समरी नीट वाचा, त्यात नुसतं ‘सेप्सिस ट्रीटेड’ लिहिलेलं चालणार नाही. जंतूचं नाव, एनडीएम आणि ऑक्सा-४८ डिटेक्टेड, कोणती औषधं किती दिवस दिली, एकत्र तपासणीचा निकाल, हे लिहून मागा, नसेल तर तिथेच थांबून लिहून घ्या. पॅनलच्या मूळ रिपोर्टचा फोटो दिरांच्या, मिस्टरांच्या आणि तुमच्या अशा तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. स्टेंट काही महिन्यांनी काढायला किंवा बदलायला परत जावं लागेल, त्या वेळी प्रोसिजरच्या आधी जे अँटिबायोटिक देतात ते ठरवायच्या आधीच हा रिपोर्ट डॉक्टरांच्या हातात द्या, आणि दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात ऍडमिट व्हायची वेळ आली तर कॅज्युअल्टीत पहिल्या पाच मिनिटांत दाखवा.